जवळच्या अभयारण्यात पाहुणे पक्षी का दिसत नाहीत?

तुमच्या प्रश्नाचं सार असं: घरापासून २० मिनिटांवर धरणाच्या फुगवट्याला लागून एक छोटं पक्षी अभयारण्य आहे. फाटकाजवळच्या फलकावर १५० जातींची यादी आहे आणि खाली 'सैबेरियातून येणारे पाहुणे' असंही लिहिलंय. डिसेंबर-जानेवारीत तुम्ही ९ वर्षांच्या मुलीला घेऊन ४ रविवार गेलात. दर वेळी साडेनऊच्या सुमारास पोचलात, मनोऱ्यावर चढलात आणि बगळे, वारकरी, साळुंक्या आणि पाण्यात लांबवर दिसणारे काळे ठिपके पाहून तासाभरात परत आलात. मुलगी आता कुरकुर करते. तुम्ही विचारताय की मोठी दुर्बीण घ्यावी, का हे ठिकाण सोडून सरळ भिगवण किंवा नांदूर मधमेश्वर गाठावं.

दुर्बिणीकडे आणि ठिकाणाकडे नंतर वळतो. आधी तो फलक. ती १५० जातींची यादी कुणी एका सकाळी पाहिलेली नसते. अनेकांनी अनेक वर्षं, बाराही महिने हिंडून केलेली ती बेरीज असते. त्यातले काही पक्षी त्या जागी वर्षातून जेमतेम आठ-दहा दिवस असतात. तुम्ही चारही वेळा तोच हंगाम, तीच वेळ आणि तोच मनोरा धरलात. चार फेऱ्या झाल्या खऱ्या, पण पाहणं एकाच फेरीचं झालं. म्हणून 'इथे कोणते पक्षी आहेत' असं विचारू नका; कोणत्या पंधरवड्यात, कोणत्या कोपऱ्यात, किती वाजता कोण असतं, असं विचारा.

मी गेली २२ वर्षं जवळजवळ दर आठवड्याला एकाच तलावावर जातोय. तोही असाच आहे. एका बाजूला बाभळी, एका टोकाला जुना बंधारा, वरच्या अंगाला ज्वारी-हरभऱ्याची रानं. त्यामुळे तुमची जागा मला बऱ्यापैकी डोळ्यांसमोर येते. तरी काही गोष्टी तुम्हालाच पाहाव्या लागतील. तुमच्याकडे पाणी कधी उतरतं, फाटक किती वाजता उघडतं, काठावर झाडी आहे की नुसतं गवत, यंदा पाऊस कसा झाला. मी सांगतोय त्या तारखाही पंधरा दिवस मागेपुढे धरा. आणि हे सगळं देशावरच्या तलावांबद्दल आहे. कर्नाळ्यासारख्या जंगलात पाण्याचं गणित चालत नाही, तिथे झाडं कधी फुलतात-फळतात ते पाहावं लागतं.

पाहुणे पक्षी थंडीत येतात असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. माझ्या वहीत त्यांचा हंगाम जुलैअखेर सुरू होतो. भर पावसात बंधाऱ्याच्या कडेला हिरवी तुतारी मागचा भाग वरखाली हलवत उभी असते. उत्तरेकडचा उन्हाळा फार थोड्या दिवसांचा. पिल्लांचं मार्गी लागलं की मोठ्या पक्ष्यांना तिथे थांबायचं कारण उरत नाही, ते निघतात. ऑगस्टमध्ये भोरड्या येतात. गुलाबी-काळी भोरडी कुणीही ओळखेल, पण सुरुवातीच्या थव्यांत त्याच वर्षीची मातकट रंगाची पिल्लंही असतात आणि ती साळुंक्यांच्या घोळक्यात सहज खपून जातात. सप्टेंबरात करडा धोबी ओढ्याच्या दगडांवर दिसू लागतो. पाठोपाठ माळभिंगऱ्या विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या दिसतात. थंडीचा पत्ताही नसतो आणि निम्मे पाहुणे घरात आलेले असतात. थंडी पडली म्हणून ते निघतात असं नाही. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरातली घडी बदलते, आणि प्रत्यक्ष कोणत्या रात्री उडायचं ते वारा-आभाळ पाहून ठरतं.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि सगळा ऑक्टोबर हा माझ्या दृष्टीने वर्षातला सर्वांत भरलेला काळ, आणि नेमका तेव्हाच अभयारण्यात माणूस नसतो. याच दिवसांत आपल्याकडून नुसते पुढे जाणारे पक्षी दिसतात. युरोपीय नीलपंख, ठिपकेदार माशीमार ही मंडळी पश्चिम भारतावरून आफ्रिकेकडे निघालेली असतात. आपल्याकडे चार दिवस टेकतात, पोट भरतात आणि जातात. परतीच्या प्रवासात ते सहसा या बाजूने येत नाहीत. म्हणजे ऑक्टोबर चुकला की वर्ष चुकलं. अमूर ससाण्याचंही तसंच. ईशान्य चीनच्या बाजूने येऊन नागालँडमध्ये लाखांनी थांबणारा हा चिमुकला ससाणा नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या डोक्यावरून अरबी समुद्राकडे जातो आणि तो समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिकेत उतरतो. त्याच्यासाठी तलावाकडे बघून चालत नाही, मान वर करून आकाश बघावं लागतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळची हकिकत सांगतो. आदल्या रात्री परतीचा पाऊस विजांसह झोडपून गेला होता. पहाटे थांबला. मी सहा-सव्वासहाला पोचलो, तर काठावरच्या त्याच रोजच्या बाभळींत प्रत्येक फांदीवर काहीतरी हलत होतं. बोरू वटवट्ये, हिरवट वटवट्ये, शुभ्रकंठी वटवट्ये, त्यांच्यात दोन ठिपकेदार माशीमार. पावणेनऊपर्यंत मी त्या १०-१२ झाडांपासून हललो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर निम्मे गेले होते, तिसऱ्या दिवशी बाभळी पुन्हा रोजच्यासारख्या. कारण सरळ आहे. हे छोटे पक्षी रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. वाटेत वादळ आडवं आलं की मिळेल त्या झाडीत उतरावं लागतं. जेमतेम १०-१२ ग्रॅमचा बोरू वटवट्या पूर्व युरोप-रशियाकडून इतका लांबचा पल्ला मारून येतो आणि तुमच्या तलावाच्या काठी, तुम्ही ज्या झाडाखाली गाडी लावता त्या झाडात उतरतो. हे मला अजूनही थक्क करतं.

म्हणून रात्री पाऊस पडून पहाटे थांबला असेल तर रविवारची वाट पाहू नका. ऑफिसला जायच्या आधी तासभर जाऊन या.

बदकं थोडी उशिरा येतात. भुवई बदक सर्वांत आधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच. थापट्या, तलवार बदक, चक्रांग यांचा जोर ऑक्टोबरअखेरपासून. चक्रवाक आणि पट्टकदंब हंस नोव्हेंबर-डिसेंबरात. आणि जानेवारी? जानेवारीत स्थलांतर बहुतेक थांबलेलं असतं. पक्षी मुक्कामाला असतात. ज्याने त्याने आपली जागा धरलेली असते, हालचाल कमी असते. हिरवट वटवट्या तर हिवाळाभर आपल्या ठरलेल्या झाडीची राखण करतो. तुम्ही नेमके या शांततेत गेलात. पाणपक्षी मोजायला हा महिना उत्तम आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीतच होते ती म्हणूनच. पण 'आज काय नवीन आलं' हा आनंद जानेवारी फारसा देत नाही.

तो आनंद पुन्हा मिळतो फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. मुलीसाठी तर मी हाच काळ सुचवेन, कारण तेव्हा पक्षी नटलेले असतात. हिवाळाभर मळकट दिसणाऱ्या पिवळ्या धोब्याच्या अंगावर झळझळीत पिवळा रंग चढतो. मालगुजाची मान आणि छाती विटकरी होते. एरवी फक्त 'चक् चक्' करणारे वटवट्ये जायच्या आधी झुडपात हलक्या आवाजात गायला लागतात. आणि सगळे खात सुटतात. लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते, काही वटवट्ये निघताना वजनाने जवळजवळ दुप्पट झालेले असतात. खाण्यात इतके गुंगलेले असतात की तुम्ही स्थिर बसलात तर अगदी जवळ येतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मधासाठी भोरड्यांची नुसती जत्रा भरते. एकच फुललेली काटेसावर गाठा आणि सूर्य पाठीशी घेऊन बसा. तासभर तिथून हलायची गरज नाही.

(मे-जूनमध्येही जा, एवढं इथेच सांगून ठेवतो. चातक आफ्रिकेकडून पावसाच्या तोंडावर येतो आणि नवरंग दक्षिणेकडून. तेही पाहुणेच, फक्त उलट्या ऋतूतले.)

आता पाण्याबद्दल, कारण तुमचं अभयारण्य धरणाच्या फुगवट्यावर आहे आणि तिथे तारखेपेक्षा पाण्याची पातळी जास्त ठरवते. तुतारी, टिलवा, चिखल्या, मालगुजा हे सगळे चिखलातून खाणं टिपणारे पक्षी. पाय लांब असला तरी किती? घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे त्यांना उभं राहता येत नाही. धरण काठोकाठ भरलं असेल तर पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला लागतं, चिखल उरतच नाही. थवे आले तरी वरून पाहून पुढे जातात. कालव्याला आवर्तनं सुटू लागली की पाणी हळूहळू हटतं आणि रोज नवा, ओला, किड्यांनी भरलेला पट्टा उघडा पडतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आणि चिखलपक्षी हिवाळ्याच्या उत्तरार्धात जास्त दिसतात त्याचं कारण हेच.

याबाबतीत माझी एकदा मोठी चूक झाली होती. एका वर्षी पाऊस उत्तम झाला आणि आमचा तलाव जानेवारीअखेर तुडुंब होता. मी वहीत लिहिलं, 'यंदा चिखलपक्षी घटले.' दोघा-तिघांना तसं सांगितलंही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी उतरलं आणि एका सकाळी एकट्या टिलव्यांचाच ३०० चा थवा मोजला. पक्षी घटले नव्हते, त्यांना बसायला जागा नव्हती. तेव्हापासून मी वहीच्या पानावर तारखेखाली पाण्याची पातळी लिहितो. मोजमाप साधंच आहे: बंधाऱ्याच्या किती पायऱ्या उघड्या आहेत. तुम्हीही अशी एखादी खूण धरा. महिन्याभरात लक्षात येईल की कोणत्या पायरीला कोणता कोपरा जागा होतो.

पाणी हटल्यावर जिथे गाळपेर होते तिथेही फिरा, अर्थात शेतकऱ्याला विचारून आणि बांधावरूनच. धोबी, तिरचिमण्या, चंडोल तिथे असतात, आणि कोवळा हरभरा-गहू असेल तर पट्टकदंबही चरायला उतरतात. शेजारी ज्वारी असेल आणि कणसं भरत आली असतील तर भारीटांचे पिवळे थवे पाहायला मिळतील. अभयारण्याची हद्द आपल्यासाठी आहे, पक्षी ती पाळत नाहीत.

वेळेचं बोलू. साडेनऊ म्हणजे उशीर. जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो, तुम्ही पावणेसातला जागेवर असायला हवं. रात्रभर उपाशी असलेले छोटे पक्षी पहिले दोन तास जोरात खातात, बोलतात, उघड्यावर येतात. साडेनऊनंतर ते सावलीत शिरतात आणि पाण्यावरून तापलेली हवा थरथरू लागते. मग कितीही चांगली दुर्बीण असली तरी लांबचा पक्षी पाण्यात हलणाऱ्या चित्रासारखा दिसतो. तुमच्याकडे फाटक आठला उघडत असेल तर त्याआधीचा वेळ बाहेरच्या बांधावर, ओढ्यावर, सांडव्यापाशी घालवा. त्या बाहेरच्या तासात मी कितीतरी वेळा आतल्यापेक्षा जास्त पाहिलंय.

ते काळे ठिपके काळे का दिसले, याचंही उत्तर बहुधा सूर्यात आहे. तुमचा मनोरा तलावाच्या पश्चिम काठावर असेल तर सकाळी तोंड सूर्याकडे होतं आणि सगळ्या पक्ष्यांच्या नुसत्या सावल्या दिसतात. सकाळी पूर्व काठावर जा, संध्याकाळी मनोऱ्यावर. एवढ्या एका बदलाने ठिपक्यांना रंग येईल. संध्याकाळचं आणखी एक कारण म्हणजे, थापट्या, तलवार बदक अशी बदकं दिवसा पाण्याच्या मध्यावर बरीच झोपा काढतात आणि बरंचसं चरणं रात्री करतात. सूर्य मावळताना ती उठतात, थव्याथव्यांनी डोक्यावरून जातात. त्या वेळी पंखांचा जो आवाज होतो तो मुलीला एकदा ऐकवा.

आणि बसा. मनोऱ्यावर चढून, नजर फिरवून उतरलं की काहीच हाती लागत नाही. माझा नेम असा की एका जागी किमान २० मिनिटं. पहिली पाच-सात मिनिटं तुमच्या येण्याने दबलेले पक्षी गप्पच असतात. मग पाणकणसातून कुणीतरी बाहेर येतं, झुडपात पान हलतं. दलदली भोवत्या पाण्यावरून फेरी मारायला आला तर नशीबच समजा, कारण तो आला की लपलेलं सगळं तळं उठतं आणि तोपर्यंत रिकाम्या वाटणाऱ्या गवतातून ५० बदकं निघतात.

बागेसारख्या राखलेल्या भागात फार वेळ घालवू नका. हिरवळ आणि कापलेली झुडपं छायाचित्राला छान, पण वटवट्ये असतात ते न कापलेल्या, पालापाचोळा साचलेल्या, पाणी झिरपणाऱ्या कोपऱ्यात. बहुतेक अभयारण्यांत असा एक कोपरा मागच्या कुंपणालगत असतो.

ओळखण्याबद्दल थोडं, कारण मला वाटतं तुम्ही पाहुणे पाहिले असतील, पण ओळखले नसतील. बदकांचे नर विणीनंतर भपकेदार पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखे तपकिरी दिसतात. ऑक्टोबरात आलेला थवा त्यामुळे सगळा माद्यांचाच वाटतो. बहुतेकांचा रंग डिसेंबरपर्यंत परत येतो, भुवई बदकाच्या नराची ती ठसठशीत पांढरी भुवई मात्र कधी कधी फेब्रुवारी उजाडेपर्यंत दिसत नाही. पुस्तकातल्या नराचं चित्र घेऊन शोधत बसलं तर निराशा होणारच. चोच बघा. थापट्याची पसरट चोच नर-मादी, कोणत्याही महिन्यात लपत नाही.

आपल्या मराठी नावांचा इथे फार उपयोग होतो. त्यातली बरीच पक्ष्याच्या वागण्यावरून पडलेली आहेत. थिरथिरा शेपूट सतत थरथरवतो. धोबी ती आपटत राहतो. भोवत्या भोवताली घिरट्या घालतो. चिखल्या चिखलात असतो. मुलीला नाव आधी सांगू नका, पक्षी काय करतोय ते तिला सांगू द्या. नऊ वर्षांची मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात.

आणि बगळे-साळुंक्यांना कमी लेखू नका. वंचक, टिटवी, वारकरी, टिबुकली, शेकाट्या, हळदीकुंकू बदक, बुलबुल, राखी वटवट्या असे रोजचे २५-३० पक्षी डोळे मिटून आवाजावरून ओळखता आले पाहिजेत. पाहुणा कळतो तो घरच्यांची ओळख पक्की असल्यावरच. मी नवीन माणसाला जून ते ऑगस्ट फक्त स्थानिक पक्ष्यांवर घालवायला सांगतो. मग सप्टेंबरात झाडातून एक अनोळखी 'टर्र' ऐकू आली की तो थबकतो. लाल कंठाचा माशीमार आलेला असतो.

दुर्बीण. तुमच्याकडे सध्या कोणती आहे ते लिहिलेलं नाहीत. नवीन घ्यायची असेल तर ८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पट किंवा १२ पट ऐकायला मोठं वाटतं, पण हाताचं कंपनही तितकंच वाढतं आणि दिसणारा आवाका लहान होतो, फांदीतला चपळ वटवट्या सापडतच नाही. ४२ चं भिंग पहाटेच्या अंधुक उजेडात पुरेसा प्रकाश देतं. मुलीसाठी हलकी, तिच्या डोळ्यांतल्या अंतराएवढी जवळ येणारी वेगळी दुर्बीण असू द्या. एकच दुर्बीण दोघांत फिरवली की पक्षी नेहमी दुसऱ्याच्या पाळीत उडतो. लांबच्या चिखलपक्ष्यांसाठी तिवईवरची दुर्बीण लागते, पण ती पहिली दोन वर्षं तरी नको. कॅमेरा सुरुवातीला घरीच ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. कॅमेरा आला की माणूस जवळ जायला बघतो आणि पाहणं थांबतं.

भिगवण आणि नांदूर मधमेश्वरला जरूर जा, वर्षातून एकेकदा. नांदूर मधमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमाजवळचं, बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेलं पाणथळ, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ) म्हणून जाहीर झालं. तिथे एका सकाळी बदकं इतक्या जवळून आणि इतक्या संख्येने दिसतात की जाती डोक्यात पक्क्या बसतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. पण त्या सहलीला स्थलांतर पाहणं म्हणता येणार नाही. येणं, टेकणं, निघणं हे बघायचं तर तुमच्या २० मिनिटांवरच्या तलावाइतकं चांगलं ठिकाण नाही, कारण तिथे तुम्ही मंगळवारीही जाऊ शकता.

त्यासाठी वही हवी. तारीख, वेळ, आभाळ, पाण्याची पायरी, कोण दिसलं, किती. कोणी दिसलं नाही तरी लिहा, ती नोंद सर्वांत मोलाची. 'थिरथिरा नाही' असं २ ऑक्टोबरला लिहिलं असेल तरच ९ ऑक्टोबरचा 'थिरथिरा १' याला अर्थ येतो. दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे तुमच्याच तलावाचं पंचांग तयार होईल. सवड असेल तर तीच नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडी, रंगीत फीत किंवा हंसाच्या मानेत पट्टा दिसला तर रंग, अक्षरं आणि डावा-उजवा पाय नीट टिपून घ्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. मंगोलियात मानपट्टा घातलेले पट्टकदंब आपल्या तलावांवर सापडले आहेत ते अशाच नोंदींमुळे. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांच्या मधला. त्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी जाणकार मंडळी फेऱ्या काढतात, मुलीला तेव्हा इतर मुलं भेटतील.

एक कळकळीची विनंती. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढू नका आणि कुणी काढत असेल तर थांबवा. थवा उडवून फोटो काढणाऱ्यांनाही. दोन हजार किलोमीटर उडून आलेला पक्षी चिखलात गोळा करतो ती चरबी त्याचं परतीचं तिकीट असते. दर वेळी दचकून उडताना त्यातलाच थोडा भाग खर्ची पडतो. माना वर झाल्या, चरणं थांबलं की आपण जास्त जवळ गेलो, दोन पावलं मागे यायचं.

मुलगी विचारते ना, 'सैबेरियातले पक्षी कुठे आहेत?' तिला सांगा की फलकावरचा तो शब्द फार मोघम आहे. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतो. थिरथिराही त्याच बाजूचा. पट्टकदंब मंगोलिया-तिबेटमधून हिमालय ओलांडून. भोरडी मध्य आशियाच्या माळरानांवरून आणि त्याही पलीकडून. खरा सैबेरियन क्रौंच मात्र २००२ नंतर भरतपूरलाही परतलेला नाही. घरी एक नकाशा भिंतीवर लावा आणि ती जो पक्षी स्वतः ओळखेल त्याच्या गावापासून तुमच्या तलावापर्यंत दोरा ओढू द्या.

तुम्ही जानेवारीच्या शेवटी विचारलंत, म्हणजे उशीर झालेला नाही. येत्या तीन आठवड्यांत दोन कामं करा. एका सकाळी फक्त पूर्व काठ शोधून ठेवा, बसायला दगड कुठे आहे तेही. आणि आसपास काटेसावर, पांगारा, पळस कुठे आहेत ते पाहून ठेवा. पहिली फुलं उमलली की पावणेसातला तिथे असा, थर्मास आणि चटई घेऊन. भोरड्या उजाडता उजाडता रात्रथाऱ्यावरून येतात, आधी आवाज येतो, मग थवा. त्यातल्या नरांच्या डोक्यावरचे तुरे तोवर चांगले वाढलेले असतील. मुलीला ते मोजायला सांगा. एप्रिल संपत येईल तशी एक सकाळ अशी येईल की झाडावर एकही भोरडी नसेल. त्या दिवशीची तारीख तिच्याच हाताने वहीत लिहून घ्या.